किण्वाचा शंभर वर्षांचा वाद

शालान्त परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाची वही सहज चाळली, तर विज्ञानाच्या उजळणीचीं तीन वाक्यें तींत बहुधा एकाच पानावर सांपडतात. ऊर्जा निर्माण होत नाहीं आणि नष्टहि होत नाहीं, ती केवळ रूप पालटते, हें पहिलें. धातु हे उष्णतेचे व विजेचे सुवाहक असतात, हें दुसरें. आणि विकरें हीं प्रथिनें असून तीं सजीवांच्या शरीरांतील रासायनिक क्रिया जलद घडवून आणतात, पण स्वतः खर्चीं पडत नाहींत, हें तिसरें. तिन्ही वाक्यांखालीं तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढलेली असते आणि मुलगा तीं एका श्वासांत म्हणून दाखवितो. त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे असें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. प्रकरणें वेगळीं, गुणहि वेगळे.

यांतील तिसरें वाक्य लिहिलें जाण्यास युरोपांतील रसायनशास्त्राचीं जवळजवळ शंभर वर्षें खर्चीं पडलीं आहेत. त्या अवधींतले थोरांतले थोर शास्त्रज्ञ त्यापायीं एकमेकांवर तुटून पडले, त्यांनीं एकमेकांची टवाळी केली, आणि एकदां तर त्या भांडणांत दोन राष्ट्रांच्या युद्धाचीहि भर पडली. आणि पाहूं गेलें तर हा सारा वाद एका अगदीं घरगुती गोष्टीवरून होता. गोड रस भांड्यांत भरून ठेवला असतां तो फसफसून त्याचें मद्य कां होतें, एवढाच मूळ प्रश्न.

ही क्रिया माणसास अति प्राचीन काळापासून अवगत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत किण्व करण्याची कृति सांगितली आहे. यीस्टला आज आपण किण्व म्हणतों तें त्याच जुन्या शब्दास नवा अर्थ देऊन. गोव्यांतील पोदेर पावाचें पीठ माडाच्या सुरेनें फुगवीत असत, तोहि याच द्रव्याचा प्रताप. परंतु काय घडतें हें ठाऊक असणें वेगळें आणि कां घडतें हें सांगतां येणें वेगळें. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत या क्रियेचा जमाखर्च प्रथम मांडला. साखर गेली, तिच्या जागीं मद्यार्क आणि कर्बाम्लवायु, म्हणजे ज्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो, हे दोन पदार्थ आले, दोन्ही बाजूंचीं वजनें सारखीं. त्याचे आंकडे पुढें चुकीचे ठरले, पण मांडणी टिकली. सावकाराच्या चोपडीसारख्या या हिशेबांत साखर हीच मुख्य रक्कम होती. भांड्याच्या तळाशीं सांचणाऱ्या त्या मळकट किण्वाकडे लक्ष देण्याचें रसायनशास्त्रास कारण वाटलें नाहीं.

तें लक्ष दिलें सूक्ष्मदर्शक यंत्रानें. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर आणि जर्मनींत थिओडोर श्वान व फ्रीड्रिख क्यूत्सिंग अशा तिघांनीं, एकमेकांशीं कांहीं संबंध नसतांना, एकच गोष्ट पाहिली. किण्व म्हणजे नुसता गाळ नसून बारीक गोल कणांचा समूह आहे, आणि या कणांस झाडाच्या अंकुरासारखे कोंब फुटून त्यांची संख्या वाढते. श्वाननें आणखी एक प्रयोग केला. साखरेचें पाणी उकळून त्यांत त्यानें तापवून घेतलेली हवा सोडली. तें पाणी फसफसलें नाहीं. यावरून किण्व हें जिवंत आहे, तें साखर खातें व मद्यार्क टाकतें, असें त्यानें प्रतिपादन केलें आणि त्यास ‘साखरेची बुरशी’ असें नांव दिलें.

त्या काळीं जर्मन रसायनशास्त्राचे दोन आधारस्तंभ होते युस्टुस लीबिग आणि फ्रीड्रिख व्होलर. लीबिगच्या हातीं एक मातबर नियतकालिक होतें. श्वानच्या या शोधास त्यांनीं जें उत्तर दिलें तसें शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच आढळेल. १८३९ सालीं त्या नियतकालिकांत एक निनांवी लेख छापला गेला. आम्हीं उत्तम सूक्ष्मदर्शकांतून किण्व पाहिलें, असें त्यांत गंभीरपणें सांगून पुढें वर्णन केलें होतें कीं हे चिमुकले प्राणी अर्क काढण्याच्या भांड्याच्या आकाराचे आहेत, ते अधाशीपणें साखर गिळतात, त्यांच्या गुदद्वारांतून मद्यार्क बाहेर पडतो आणि मूत्रमार्गांतून कर्बाम्लवायु. त्यांचें मूत्राशय भरलें म्हणजे शॅम्पेनच्या बाटलीसारखें दिसतें. लेख मुळांत व्होलरचा आणि त्यावर मीठमसाला लीबिगचा. त्याच वर्षीं श्वान जर्मनी सोडून बेल्जममधील लुव्हँ येथें अध्यापक होऊन गेला. किण्वाच्या वादांत तो पुन्हां फारसा पडला नाहीं.

ही थट्टा वाचून आज लीबिगविषयीं मन कडू होतें, आणि तें होणें रास्तहि आहे. तथापि त्याची बाजू समजून घेतल्यावांचून पुढला इतिहास कळावयाचा नाहीं. सजीवांच्या शरीरांत एक निराळी जीवनशक्ति वसते आणि शरीरांतले पदार्थ तिच्यावांचून होऊंच शकत नाहींत, असा समज त्यापूर्वीं रूढ होता. १८२८ सालीं व्होलरनें मूत्रांतील युरिया हा पदार्थ प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें करून दाखविला आणि त्या समजास पहिला मोठा धक्का दिला. १८३३ सालीं पायां आणि पेर्सो यांनीं मोड आलेल्या सातूंतून पिष्टाची साखर करणारें डायास्टेज नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. ‘साखरेची बुरशी’ म्हणणाऱ्या श्वाननेंच १८३६ सालीं जठरांतून मांस पचविणारें पेप्सिन काढलें होतें. हीं द्रव्यें निर्जीव होतीं, आणि तरीहि किण्वासारखेंच काम करीत होतीं. तेव्हां मोठ्या प्रयासानें घराबाहेर काढलेलें जीवनशक्तीचें भूत श्वान मागील दारानें पुन्हां आंत आणीत आहे, असें लीबिगला वाटलें असल्यास नवल नाहीं. त्याच्या स्वतःच्या मतें किण्व हें कुजणारें द्रव्य होतें; त्याचे रेणु कुजतांना हादरतात, आणि तो हादरा साखरेच्या रेणूंना बसून ते दुभंगतात.

वहींतल्या पहिल्या वाक्याची येथें गांठ पडते. रोबर्ट मायर हा जावा बेटाकडे जाणाऱ्या जहाजावरील डॉक्टर. उष्ण प्रदेशांत खलाशांच्या नीलेंतील रक्त अधिक तांबडें दिसतें हें पाहून तो विचारास लागला, आणि शरीरांतील उष्णता व श्रम यांचा हिशेब मांडतां मांडतां ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोंचला. पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकानें त्याचा पहिला निबंध छापला नाहीं. १८४२ सालीं त्याचा दुसरा निबंध ज्यानें छापला तो संपादक म्हणजे लीबिग, आणि पत्र तेंच, ज्यांत तीन वर्षांपूर्वीं किण्वाच्या मूत्राशयाचें वर्णन आलें होतें. माणूस एका बाबतींत किती आंधळा आणि दुसऱ्या बाबतींत किती डोळस असूं शकतो, याचें इतकें नेमकें उदाहरण मला दुसरें माहीत नाहीं.

श्वाननें सोडलेली बाजू लुई पाश्चरनें उचलली. १८५६ सालीं तो लील येथें अध्यापक असतां तेथील बीटच्या साखरेपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदारानें आपला माल बिघडतो म्हणून त्यास सल्ला विचारला. पाश्चर मुळांत रसायनशास्त्रज्ञ, पण तो पिंपांतला गाळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं लागला तो त्यांतच गुंतला. १८५७ सालीं दूध ज्या क्रियेनें आंबतें तिजवर व १८६० सालीं मद्यार्काच्या किण्वनावर त्यानें जे निबंध लिहिले, त्यांनीं लीबिगच्या मताचा पाया खणून काढला. त्यांतला एक प्रयोग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. लीबिगच्या मतें कुजणारें प्रथिनयुक्त द्रव्य असल्याशिवाय साखर फसफसणार नाहीं. पाश्चरनें शुद्ध पाण्यांत साखर घातली, थोडा अमोनियाचा क्षार घातला, आणि किण्व जाळून उरलेली राख घातली. कुजण्याजोगें त्यांत कांहींच नव्हतें. मग टांचणीच्या डोक्याएवढें जिवंत किण्व सोडलें. तें वाढलें, आणि साखर फसफसली. यांतील राखेची चिमूट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. लेखाच्या शेवटीं तिचें काम आहे.

पाश्चरनें आणखी एक शोध लावला, आणि माझ्या मतें तो या सर्वांत खोल आहे. किण्वास हवा मिळाली तर तें झपाट्यानें वाढतें, पण साखर थोडीच खातें. हवा बंद केली तर तें अगदीं सावकाश वाढतें आणि साखर मात्र भराभर फस्त करतें. म्हणून किण्वन म्हणजे ‘हवेविना जीवन’ असें तो म्हणूं लागला. त्या वेळीं हें एक चमत्कारिक विधान होतें. आज त्याचा अर्थ दोन आंकड्यांत सांगतां येतो. द्राक्षशर्करेच्या एका रेणूचें प्राणवायूच्या साहाय्यानें पूर्ण ज्वलन झालें तर पेशीच्या पदरांत ऊर्जेचीं सुमारें तीस नाणीं पडतात. नुसत्या किण्वनानें पडतात तीं दोन. ज्यास रुपयाला दोन आणेच हातीं लागतात त्यानें पुष्कळ रुपये मोडावेत, तसें हें आहे. हें नाणें कोणतें, तें पुढें येईल.

लीबिग दहा वर्षें गप्प राहिला आणि मग १८७० च्या सुमारास त्यानें लांबलचक उत्तर लिहिलें. त्याच वर्षीं पाश्चर म्यूनिकला त्याच्या भेटीस गेला होता. म्हाताऱ्यानें आदरानें स्वागत केलें, परंतु प्रकृतीचें कारण सांगून वादाचा विषय काढूं दिला नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें. पाश्चरनें बॉन विद्यापीठाची सन्मान्य पदवी परत पाठविली आणि जर्मनांच्या बियरला मागें टाकील अशी बियर फ्रान्सला करतां यावी म्हणून तो बियरचा अभ्यास करूं लागला. म्हणाल तितकें किण्व मी तुमच्या डोळ्यांदेखत प्रथिनांवांचून वाढवून दाखवितों, असें त्यानें लीबिगला जाहीर आव्हान दिलें. लीबिगनें तें स्वीकारलें नाहीं व १८७३ सालीं तो वारला. वाद संपला असेंच सर्वांस वाटलें. जिंकला पाश्चर, किण्वन हें जीवनाचें कार्य आहे, पेशीवांचून तें होणार नाहीं, हें पुस्तकांत गेलें.

परंतु पेप्सिन आणि डायास्टेज यांचें काय? तीं तर पेशीबाहेरहि काम करतात. मग एक तडजोड निघाली: निर्जीव किण्वें वेगळीं आणि सजीव किण्वें वेगळीं. १८७० नंतरच्या दशकांत क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानें पहिल्या वर्गास एन्झाइम हें नांव सुचविलें. त्याचा ग्रीक अर्थ ‘किण्वाच्या आंत’ असा होतो. आपण त्यालाच विकर म्हणतों. मोरिट्झ ट्राउबेनें १८५८ पासूनच सांगून ठेवलें होतें कीं हा भेद खोटा आहे, सजीव किण्वांच्या पोटांतहि अशींच द्रव्यें असली पाहिजेत. क्लोद बेर्नार या थोर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचें मतहि तिकडेच झुकलें होतें; तो १८७८ सालीं वारल्यावर त्याचीं टिपणें बेर्तेलोनें प्रसिद्ध केलीं, तेव्हां मृत मित्राशीं जाहीर वाद घालण्याचा दुर्धर प्रसंग पाश्चरवर आला. पण मत असणें निराळें आणि तें द्रव्य बाटलींत भरून दाखविणें निराळें. खुद्द पाश्चरनें किण्व घोटून, गोठवून पाहिलें होतें; त्याच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. पुढें असें दिसून आलें कीं सर्वच जातींच्या किण्वांतून सारखा क्रियाशील रस मिळत नाहीं. तेव्हां प्रयोग करणारा कितीहि थोर असला तरी भांड्यांत कोणतें किण्व आहे यावरहि पुष्कळ अवलंबून असतें.

येथून पुढें कथा म्यूनिकच्या दोघा भावांची आहे. वडील हान्स बुख्नर, धाकटा एडुआर्ड. दोघांत दहा वर्षांचें अंतर. बाप लवकर वारल्यामुळें धाकट्याच्या शिक्षणास थोरल्यानें हातभार लावला. मध्यंतरीं एडुआर्डला डबाबंद अन्नाच्या कारखान्यांतहि नोकरी करावी लागली. हान्स आरोग्यशास्त्रज्ञ होता व जंतूंच्या पोटांतले पदार्थ औषध म्हणून उपयोगी पडतील काय, या शोधांत होता. त्यासाठीं पेशी फोडणें जरूर होतें. एडुआर्डनें १८९३ सालीं किण्व वाळूबरोबर घोटून पाहण्यास आरंभ केला, परंतु यांतून कांहीं निष्पन्न होणार नाहीं असा अभिप्राय प्रयोगशाळेच्या चालकांनीं दिल्यामुळें तें काम तीन वर्षें बाजूस पडलें. १८९६ सालीं तो ट्यूबिंगन येथें अध्यापक असतां सुटींत म्यूनिकला आला आणि भावाच्या संस्थेंत त्यानें तें पुन्हां हातीं घेतलें.

कृति अशी. दारूच्या भट्टींतलें दाबून पाणी काढलेलें किण्व १००० ग्रॅम, क्वार्ट्झची वाळू १००० ग्रॅम, आणि कीझेलगूर नांवाच्या हलक्या मातीची पूड २५० ग्रॅम, हें सारें मोठ्या खलांत घोटावयाचें. पाहतां पाहतां कोरडी पूड ओलसर होऊन कणकेसारखा गोळा बनतो, कारण पेशी फुटून त्यांतला रस बाहेर येतो. हा गोळा फडक्यांत बांधून जलदाबयंत्राखालीं ठेवावयाचा आणि हवेच्या दाबाच्या चारशें ते पांचशें पट दाब द्यावयाचा. मधें थोडें पाणी शिंपडून पुन्हां दाबलें म्हणजे सुमारें अर्धा लीटर पिवळसर रस मिळतो. दाबयंत्राची युक्ति हान्सचा सहायक मार्टिन हान याची.

हा रस लवकर नासतो ही एक अडचण होती. जनावरांवरील प्रयोगांसाठीं तो टिकवावयाचा होता, म्हणून विषारी औषधें घालतां येत नव्हतीं. तेव्हां, आपल्या घरांतल्या बायका मुरांबा टिकविण्यासाठीं जें करतात तेंच एडुआर्डनें केलें. त्यानें त्यांत भरपूर साखर घातली. थोड्याच वेळांत रसांतून बुडबुडे येऊं लागले. हा बिघाड म्हणून रस फेकून देणारे पुष्कळ निघाले असते. एडुआर्डनें ओळखलें कीं साखर फसफसत आहे, मद्यार्क तयार होत आहे, आणि भांड्यांत एकहि जिवंत पेशी नाहीं. १८९७ च्या जानेवारींत त्यानें ‘किण्वपेशींवांचून मद्यार्काचें किण्वन’ या अर्थाच्या मथळ्याचा छोटासा निबंध धाडून दिला, आणि रसांतल्या त्या कर्तृत्ववान् द्रव्यास झायमेज हें नांव दिलें. पाश्चर दोनच वर्षांपूर्वीं वारला होता.

आक्षेप अर्थातच निघाले. रसांत जिवंत पेशींचे तुकडे उरले असतील, असें कांहींचें म्हणणें. बुख्नरनें तो रस गाळला, वाळवून पूड केली, त्यांत जंतुनाशक द्रव्यें मिसळलीं. साखर फसफसावयाची ती फसफसलीच. मारिया मानासेइना या रशियन विदुषीनें आपण १८७१ सालींच पेशींवांचून किण्वन दाखविल्याचा दावा मांडला. तिनें किण्व तापवून मारलें होतें, पण तें पूर्ण मेलें होतें याचा पुरावा बुख्नरच्या मतें अपुरा होता. निकाल बुख्नरच्या बाजूनें लागला व तो मलाहि बरोबर वाटतो. परंतु पेशी मेल्यावरहि क्रिया चालते ही कल्पना घेऊन, स्त्रियांस प्रयोगशाळेंत शिरणेंहि कठीण अशा काळांत, तिनें प्रयोग केले हें विसरूं नये. बुख्नरला १९०७ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पहिल्या महायुद्धांत हा सत्तावन वर्षांचा प्राध्यापक मेजरच्या हुद्द्यावर रुमानियाच्या आघाडीवर होता. तोफगोळ्याची जखम लागून १९१७ च्या ऑगस्टमध्यें फोक्शानी येथें तो वारला.

झायमेज हें एक द्रव्य आहे अशी त्याची समजूत होती, ती खोटी ठरली. लंडनच्या लिस्टर संस्थेंत हार्डन व यंग यांनीं १९०६ च्या सुमारास किण्वाचा रस अतिसूक्ष्म गाळणींतून दाबून काढला. वर राहिलेला चोथा एकटा निष्क्रिय, खालीं उतरलेलें पाणी एकटें निष्क्रिय. दोन्ही एकत्र केलीं कीं काम सुरू. बरें, तें पाणी उकळलें तरी चाले, म्हणजे त्यांतला मदतनीस प्रथिन नव्हता. शिवाय रसांत फॉस्फेट घातलें कीं किण्वनाचा वेग एकदम वाढे, आणि फॉस्फेट मात्र साखरेस चिकटून नाहींसें होई. एका झायमेजच्या जागीं हळूहळू डझनभर विकरांची सांखळी उलगडली, जींत एकानें दिलेला पदार्थ दुसरें घेतें.

फॉस्फेटचा हा कोडग्यासारखा अडणारा प्रश्न सोडविण्यांत एका भारतीयाचा हात आहे. आंध्रांतील भीमवरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव हार्वर्डला गेले आणि तेथें सायरस फिस्केबरोबर त्यांनीं १९२५ सालीं द्रवांतील फॉस्फरस मोजण्याची जी रीत बसविली, ती पुढें जगभर प्रयोगशाळांत वापरली गेली. १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोमाननें आणि हार्वर्डला या जोडीनें एकमेकांच्या नकळत एकच पदार्थ शोधून काढला: अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट, ज्यास आज शाळेंत एटीपी म्हणतात. मघाशीं म्हटलेलें ऊर्जेचें नाणें तें हेंच. साखर फोडून जी ऊर्जा मिळते ती किण्व या पदार्थाच्या फॉस्फेटच्या बंधांत सांठवितें आणि लागेल तशी मोडतें. पाश्चरचें ‘हवेविना जीवन’ आणि मायरचा जमाखर्च यांची गांठ येथें पडली. सुब्बाराव १९४८ सालीं अमेरिकेंतच वारले. आपल्याकडील सुशिक्षित घरांत त्यांचें नांव जितकें ऐकूं यावें तितकें येत नाहीं.

एवढें होऊनहि विकर म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हें कोणासच सांगतां येत नव्हतें. म्यूनिकचा रिखार्ड व्हिलश्टेटर या विषयांतला त्या वेळचा अधिकारी पुरुष. ज्यू प्राध्यापकांस डावलण्याच्या वृत्तीच्या निषेधार्थ त्यानें १९२४ सालीं आपली जागा सोडली होती, इतका तो मानी. त्यानें विकरें शुद्ध करतां करतां अशा थरास नेलीं कीं द्रावणांत प्रथिनाची कसोटी लागेना, पण क्रिया मात्र चालू राही. त्यावरून त्यानें ठरविलें कीं विकर हें प्रथिन नव्हे. प्रथिन हें केवळ त्याचें वाहन. वास्तविक विकर इतक्या अल्प प्रमाणांत काम करतें कीं त्या काळच्या कसोटीस तें दिसतच नव्हतें.

त्याच्या विरुद्ध उभा राहिला अमेरिकेंत कॉर्नेलचा जेम्स समनर. डावखुरा, सतराव्या वर्षीं शिकारींत गोळी लागून त्याचा डावाच हात गेला. एका हाताच्या माणसानें रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊं नये, असा सल्ला त्यास हार्वर्डला मिळाला होता. हाताशीं पैसा थोडा, उपकरणें थोडीं, शिकविण्याचें काम मात्र पुष्कळ. म्हणून त्यानें एकच विकर निवडलें: आपल्याकडील अबईच्या कुळांतल्या जॅकबीनमधलें युरियेज, जें युरियाचें विघटन करून अमोनिया देतें. युरिया म्हणजे तोच, जो व्होलरनें केला होता. नऊ वर्षें तो त्याच्या मागें लागला. १९२६ सालीं त्या बियांच्या पिठावर पाणी मिसळलेलें अ‍ॅसिटोन ओतून गाळलेला द्रव त्यानें रात्रभर थंडींत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं घेतला तों त्यांत बारीक स्फटिक चमकत होते. स्फटिक प्रथिनाचे होते, आणि तेच युरियेज होते.

व्हिलश्टेटरच्या संप्रदायानें तें मानलें नाहीं. स्फटिकांत विकराचा अंश अडकला असेल, असें त्यांचें म्हणणें. १९३० सालीं जॉन नॉर्थ्रपनें पेप्सिनचे स्फटिक काढले व एकामागून एक पुरावे पुढें ठेवले, तेव्हां कोठें विरोध ओसरला. समनर, नॉर्थ्रप व स्टॅन्ली या तिघांस १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वहींतलें तिसरें वाक्य पक्कें झालें तें असें. त्यांतहि १९८० नंतर खोट निघाली, कारण आरएनए या प्रथिनेतर पदार्थाचे कांहीं रेणु विकराचें काम करतात हें चेक व ऑल्टमन यांनीं दाखविलें. परंतु शाळेच्या पुस्तकास एवढी सवलत देण्यास हरकत नाहीं.

आतां पाश्चरच्या राखेकडे वळूं. किण्व जाळलें म्हणजे त्यांतलें प्रथिन, साखर, चरबी सर्व जातें. उरतात ते धातूंचे क्षार. त्या चिमटीवांचून किण्व नीट वाढत नव्हतें. पाश्चरचा शिष्य झ्यूल रोलँ यानें १८६९ च्या सुमारास काळ्या बुरशीवर प्रयोग करून दाखविलें कीं पाण्यांत जस्ताचा अगदीं लेशमात्र अंश नसला तर तिची वाढ खुंटते. जस्त तेथें काय करीत होतें हें त्या काळीं कोणास सांगतां आलें नाहीं. पुढें लोमाननें दाखविलें कीं एटीपीचें काम मॅग्नेशियमवांचून अडतें. आणि १९५५ सालीं अमेरिकेंत व्हॅली व हॉक या दोघांना किण्वांतल्या ज्या विकरामुळें साखरेच्या सांखळीच्या अगदीं शेवटच्या पायरीवर मद्यार्क तयार होतो, त्याच्या अंगांत जस्त सांपडलें. विजेचा सुवाहक म्हणून जो धातु मुलगा दुसऱ्या वाक्यांत पाठ करतो, तोच तिसऱ्या वाक्यांतल्या प्रथिनाच्या कुशींत बसून काम करीत होता.

समनरच्या स्फटिकांचीहि हीच गोष्ट झाली. ते शुद्ध प्रथिन आहेत, यासाठीं तो जन्मभर झगडला, आणि व्हिलश्टेटर म्हणत असे कीं खरें कार्य करणारा भाग प्रथिनाहून वेगळा आणि लहान आहे. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंडच्या शास्त्रज्ञांनीं जॅकबीनच्या त्याच युरियेजचें पृथक्करण केलें, तों त्यांत निकेल निघालें; आणि तें काढून घेतलें कीं युरियावर कांहीं एक परिणाम होत नाहीं. समनर त्यापूर्वीं वीस वर्षें वारला होता, व्हिलश्टेटर तेहतीस.